वाचून सही करणारे राष्ट्रपती

कराड

प्रिय नंदे,

तुझ्या नातीला शाळेत ‘आजीच्या देशाचे एक माजी राष्ट्रपती’ असा विषय मिळाल्याचं तू फोनवर सांगितलंस आणि लगोलग विचारलंस, ‘कलामांवर लिहायला सांगू ना?’ मी तेव्हा हो-नाही काहीच म्हटलं नाही, कारण मला जे सांगायचं होतं ते फोनवर सांगून झालं नसतं. म्हणून हे पत्र. कलाम मलाही फार आवडतात. पण त्यांच्यावर पुष्कळ मुलं लिहितात, आणि लिहावंच. तुझ्या नातीला मात्र तू कलामांच्या आधीच्या राष्ट्रपतींबद्दल सांग. कोचेरिल रामन नारायणन. २५ जुलै १९९७ ते २५ जुलै २००२ अशी पाच वर्षं ते राष्ट्रपती भवनात होते. तू तेव्हा टोरांटोला नुकती स्थिरावत होतीस, घर आणि नोकरी सांभाळताना इकडच्या बातम्या तुझ्यापर्यंत किती पोचल्या असतील कोण जाणे. मी इथे नववीला नागरिकशास्त्र शिकवत होते, आणि त्या काळात सकाळी पेपर हातात आला की आधी त्यांची काही बातमी आहे का ते बघायचे.

कारण सांगते. वर्गातलं एखादं तरी पोर दरवर्षी विचारायचंच, ‘बाई, सगळं पंतप्रधानच ठरवतात, मग राष्ट्रपती कशाला हवेत?’ प्रश्न अगदी रास्त. राज्यघटनेच्या कलम ७४ प्रमाणे राष्ट्रपतींनी मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं वागायचं असतं. १९७८ सालच्या ४४ व्या घटनादुरुस्तीनं त्यांना एक मुभा दिली. सल्ला पटला नाही तर तो एकदा फेरविचारासाठी परत पाठवता येतो. तोच सल्ला पुन्हा आला, की सही करावीच लागते. अधिकार एवढाच. या एवढ्याशा अधिकाराचं नारायणन यांनी काय केलं, ते मला तुला सांगायचंय. पण आधी त्यांचं घर, कारण तुझ्या नातीला तेच जास्त आवडेल.

केरळच्या कोट्टायम जिल्ह्यात उळवूर नावाचं गाव आहे. तेव्हा तो मुलूख त्रावणकोर संस्थानात होता. परवन या अस्पृश्य ठरवलेल्या जातीतलं हे कुटुंब, सात भावंडं, त्यांतले हे चौथे. वडील रामन वैद्य सिद्ध आणि आयुर्वेदाची औषधं देत. त्यामुळे गावात मान होता, पैसा मात्र नव्हता. शाळेत नाव घालायला घेऊन गेलेल्या नातेवाइकाला पोराची जन्मतारीख ठाऊक नव्हती, त्यांनी २७ ऑक्टोबर १९२० अशी एक तारीख ठोकून दिली आणि तीच कायमची सरकारदप्तरी राहिली. (आपल्या वर्गात किती जणींचा वाढदिवस एक जूनला असायचा, आठवतंय ना? त्यातलाच प्रकार.) ही शाळा सुरू झाली १९२७ साली. त्याच वर्षी मार्चमध्ये बाबासाहेबांनी महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं होतं. आणि उळवूरच्याच जिल्ह्यातल्या वैकोमला, देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालू द्या एवढ्या मागणीसाठी, दोन-तीन वर्षांपूर्वी सत्याग्रह होऊन गेला होता. रस्त्यानं चालण्यासाठी सत्याग्रह करावा लागत होता, असा तो काळ आणि असा तो भाग.

हा मुलगा भातशेतांमधून रोज पंधरा किलोमीटरच्या आसपास चालायचा. फी थकली की वर्गाबाहेर उभं राहून धडा ऐकायचा. पुस्तकं विकत घेणं परवडत नव्हतंच. थोरला भाऊ नीलकंठन दम्यानं आजारी, घराबाहेर पडणं त्याला जमत नसे. तो दुसऱ्या मुलांची पुस्तकं मागून घ्यायचा, हातानं नकलून काढायचा आणि त्या वह्या धाकट्याला द्यायचा. नंदे, या सगळ्या कहाणीत मी सर्वांत जास्त वेळ थांबते ती इथे. श्वास पुरत नसताना तो भाऊ पानामागून पान लिहीत बसत असेल, ते सुद्धा स्वतःच्या परीक्षेसाठी नाही. वर्गात मी हे सांगायचे तेव्हा मागच्या बाकावरची पोरंही गप्प व्हायची. नातीला सांग, तुझ्या निबंधात नीलकंठनचं नाव आलंच पाहिजे. राष्ट्रपतींच्या चरित्रात भावाला एखादं वाक्य मिळतं, तिनं त्याला एक अख्खा परिच्छेद द्यावा.

पुढे शिष्यवृत्तीवर कोट्टायमचं सीएमएस कॉलेज, आणि मग त्रावणकोर विद्यापीठातून इंग्रजी साहित्यात बी. ए. ऑनर्स आणि एम. ए. १९४३ साली ते विद्यापीठात पहिले आले. त्यांच्या समाजातल्या कुणी त्रावणकोरात असा पहिला वर्ग त्याआधी मिळवला नव्हता. अशा मुलाला खरं तर तिथेच व्याख्याता म्हणून घ्यायला हवं होतं. तशी त्यांची अपेक्षाही होती. सर सी. पी. रामस्वामी अय्यर तेव्हा संस्थानचे दिवाण. व्याख्यात्याची जागा मिळाली नाही, पुढे केली गेली ती कारकुनी. नारायणन यांनी ती नाकारली, आणि पदवीदान समारंभात पदवी घ्यायलाही नकार दिला. घरी खायची भ्रांत असताना हातातोंडाशी आलेली नोकरी सोडायची आणि वर पदवीचा कागदही नको म्हणायचं, याला काय लागत असेल याचा विचार कर. त्यांनी तमाशा केला नाही, कुणाच्या पाया पडायलाही गेले नाहीत. नको म्हणाले आणि दिल्लीची वाट धरली. पुढच्या आयुष्यातले त्यांचे सगळे महत्त्वाचे नकार मला याच जातीचे वाटतात. आवाज न चढवता दिलेले, आणि मागे न घेतलेले.

दिल्ली-मुंबईत त्यांनी काही काळ पत्रकारिता केली, ‘द हिंदू’ आणि ‘टाइम्स ऑफ इंडिया’साठी. एप्रिल १९४५ मध्ये मुंबईत त्यांनी आपणहून गांधीजींची मुलाखत घेतली. त्याच वर्षी जे. आर. डी. टाटांच्या मदतीनं मिळालेल्या शिष्यवृत्तीवर ते लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला गेले. बाबासाहेबांनी १९२३ मध्ये डी. एस्सी. मिळवली ती हीच संस्था. इथे नारायणन यांना हॅरॉल्ड लास्की गुरू म्हणून लाभले. आणि तुझ्या नातीसाठी खास गोष्ट अशी, की तिथे त्यांच्याबरोबर शिकणाऱ्यांत एक होते पिअर ट्रुडो. दोघांची चांगली मैत्री झाली. पुढे एक कॅनडाचा पंतप्रधान झाला आणि एक भारताचा राष्ट्रपती. तिच्या शिक्षकांना हे वाचून नक्की बरं वाटेल.

१९४८ साली ते परत आले तेव्हाचा प्रसंग त्यांनी स्वतः सांगितलेला आहे. निघताना लास्कींनी आपणहून नेहरूंच्या नावे एक ओळखपत्र दिलं होतं. दिल्लीत येऊन यांनी पंतप्रधानांची वेळ मागितली, लंडनहून परतलेला विद्यार्थी म्हणून ती मिळाली. संसद भवनात भेट झाली. लंडनच्या चार गोष्टी झाल्या, आता उठायला हवं असं यांच्या लक्षात आलं. निरोप घेतला, जाता जाता लास्कींचं पत्र हातात दिलं आणि बाहेरच्या त्या मोठ्या गोल ओवरीतून चालू लागले. अर्ध्या वाटेवर मागून टाळीचा आवाज आला. वळून बघतात तर नेहरू दारात उभे राहून बोलावताहेत. हे आधी का नाही दिलंस, असं त्यांनी विचारलं. यांनी उत्तर दिलं, निघताना दिलं तरी पुरेल असं वाटलं. शिफारसपत्र खिशात असताना आधी नुसतं माणसासारखं बोलून घ्यायचं आणि पत्र शेवटी द्यायचं, हे मला फार आवडतं. त्यानंतर थोड्याच दिवसांत ते परराष्ट्र सेवेत रुजू झाले.

पहिली नेमणूक रंगूनला. तिथे मा टिंट टिंट नावाची तरुणी वायडब्ल्यूसीएमध्ये काम करत होती. लास्कींचा विद्यार्थी गावात आलाय हे कळल्यावर राजकीय स्वातंत्र्यावर भाषण द्यायला बोलवायला ती त्यांच्याकडे आली. ओळख वाढली, लग्न करायचं ठरलं. पण परराष्ट्र सेवेतल्या अधिकाऱ्यानं परदेशी मुलीशी लग्न करायचं तर खास परवानगी हवी. ती नेहरूंनी दिली. ८ जून १९५१ रोजी दिल्लीत लग्न झालं, टिंट टिंट उषा नारायणन झाल्या. राष्ट्रपती भवनात राहायला आलेल्या राष्ट्रपतींच्या पत्नींमध्ये मूळच्या परदेशी अशा त्या एकट्याच. बर्मी कथांचे त्यांनी अनुवादही केले आहेत. त्यांना दोन मुली, चित्रा आणि अमृता, आणि चित्रा पुढे स्वतः राजदूत झाल्या.

मधली वर्षं मी भराभर सांगते, नातीला ती इंटरनेटवर मिळतील. टोकियो, लंडन, कॅनबेरा, हनोई. थायलंड आणि तुर्कस्तानात राजदूत. १९७६ साली चीनमध्ये राजदूत, आणि हे मात्र तिनं नीट लिहावं, कारण १९६२ च्या युद्धाच्या सुमारापासून जवळपास पंधरा वर्षं आपला तिथे राजदूतच नव्हता. तुटलेलं बोलणं पुन्हा सुरू करायला यांना निवडलं गेलं. निवृत्तीनंतर जेएनयूचे कुलगुरू, मग इंदिराबाईंनी अमेरिकेत राजदूत म्हणून पाठवलं ते १९८४ पर्यंत. त्याच वर्षी पासष्टीच्या उंबरठ्यावर ते पहिल्यांदा निवडणुकीला उभे राहिले. केरळमधल्या ओट्टपालम मतदारसंघातून १९८४, १९८९ आणि १९९१ असे तीनदा निवडून आले. राजीव गांधींच्या सरकारात राज्यमंत्री होते. १९९२ साली उपराष्ट्रपती झाले, तेव्हा ७०१ वैध मतांपैकी ७०० त्यांना पडली. उरलेलं एक मत ‘धरतीपकड’ काका जोगिंदरसिंहांना. आणि उपराष्ट्रपती होऊन चार महिने होत नाहीत तोच बाबरी मशीद पाडली गेली. गांधीजींच्या हत्येनंतर देशावर कोसळलेली ही सर्वांत मोठी शोकांतिका आहे, असं ते बोलले. घटनात्मक पदावरचा माणूस अशा वेळी बहुधा दोन गुळगुळीत वाक्यं बोलून मोकळा होतो. हे तसं नव्हतं.

राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत त्यांच्यासमोर होते टी. एन. शेषन, तेही केरळचेच, पालक्काडचे. शेषन यांच्यामागे आपल्याकडची शिवसेना आणि काही अपक्ष होते, बाकी जवळपास सगळे पक्ष नारायणन यांच्या बाजूनं. मतमूल्याच्या हिशेबानं सुमारे ९५ टक्के मतं त्यांना मिळाली. स्वातंत्र्याला पन्नास वर्षं पूर्ण होत असतानाच एक दलित माणूस पहिल्यांदा राष्ट्रपती झाला. आमच्या शाळेच्या शिपाईमामांनी त्या दिवशी सगळ्या शिक्षकांना पेढे वाटले. त्यांच्या डोळ्यांत जे होतं ते मी कधी विसरणार नाही.

आता तो सल्ला परत पाठवण्याचा अधिकार. तुला १९८० आठवतंय? आपण कॉलेजात होतो. फेब्रुवारीत एका दिवसात नऊ राज्यांतली सरकारं बरखास्त झाली, त्यात आपलं शरद पवारांचं पुलोद सरकारही गेलं. राष्ट्रपती राजवटीचं कलम ३५६ असं वापरलं जाई. केंद्रातल्या सरकारला वाटलं की शिफारस तयार, राष्ट्रपतींची सही तयार. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयानं बोम्मई खटल्यात सांगितलं, की बहुमत आहे की नाही हे विधानसभेच्या सभागृहात ठरलं पाहिजे, राज्यपालांच्या दिवाणखान्यात नाही. पण निकाल एक आणि वापर दुसरा.

ऑक्टोबर १९९७ मध्ये उत्तर प्रदेशात कल्याणसिंहांच्या भाजप सरकारचा पाठिंबा बसपानं काढला. विश्वासदर्शक ठरावाच्या दिवशी विधानसभेत माइक उपटून फेकाफेकी झाली, आमदारांची डोकी फुटली. विरोधक बाहेर पडले आणि कल्याणसिंहांनी ठराव जिंकला. राज्यपाल रोमेश भंडारी यांनी राष्ट्रपती राजवट लावा म्हणून कळवलं. दिल्लीत गुजराल यांच्या मंत्रिमंडळानं ती शिफारस उचलली आणि राष्ट्रपती भवनात पाठवली. नारायणन पदावर येऊन तीन महिनेही झाले नव्हते. त्यांनी ती वाचली, बोम्मई निकालाशी ताडून पाहिली, आणि २२ ऑक्टोबरला फेरविचारासाठी परत पाठवली. ३५६ ची शिफारस अशी परत पाठवणारे ते पहिले राष्ट्रपती. मंत्रिमंडळानं पुन्हा विचार केला आणि विषय सोडून दिला.

तेव्हा काही लोक म्हणाले, भाजपचं सरकार वाचवलं. मग वर्ष सरत नाही तोच सप्टेंबर १९९८ मध्ये वाजपेयींच्या मंत्रिमंडळानं बिहारमधलं राबडीदेवींचं सरकार घालवायची शिफारस पाठवली. राज्यपालांचं आडनाव याही वेळी भंडारीच, सुंदरसिंह भंडारी. नारायणन यांनी तीही परत पाठवली. आता दुसरे लोक म्हणू लागले, लालूंचं सरकार वाचवलं. दोन्ही वेळा त्यांनी विचारलेला प्रश्न मात्र एकच होता, की सभागृहात बहुमत असलेलं सरकार घालवायला घटनेनं मागितलेलं कारण कुठे आहे? बिहारमध्ये १९९९ च्या सुरुवातीला दलितांची हत्याकांडं झाली, शंकरबिघा आणि नारायणपूर ही नावं तू ऐकली असशील. त्यानंतर मंत्रिमंडळानं पुन्हा शिफारस केली, तेव्हा त्यांनी सही केली. राज्यसभेत बहुमत मिळणार नाही हे दिसल्यावर सरकारनंच मार्चमध्ये ती राजवट मागे घेतली, तो भाग वेगळा. ‘हे राष्ट्रपती मर्यादा ओलांडतात’ असं जे म्हणत त्यांना मी हेच सांगायचे, की परत पाठवायची मुभा एकदा आहे, त्यांनी एकदाच परत पाठवलं. घटनेनं सांगितलं तिथे ते थांबले.

आणखी एक गोष्ट, जिचं मोल मला शिक्षिका म्हणून फार वाटतं. ते कारणं द्यायचे. १९९८ साली निवडणुकीनंतर कुणालाच स्पष्ट बहुमत नव्हतं. वाजपेयींकडे त्यांनी पाठिंब्याची पत्रं मागितली, आणि सरकार बनवायला बोलावताना आपण कोणत्या हिशेबानं बोलावतोय हे पत्रक काढून लोकांना सांगितलं. एप्रिल १९९९ मध्ये ते सरकार लोकसभेत एका मतानं पडलं, २६९ विरुद्ध २७०. पर्यायी सरकार उभं राहतंय का हे सगळ्यांशी बोलून पाहिल्यावर त्यांनी लोकसभा विसर्जित केली, तेव्हाही असंच. मी ही पत्रकं पेपरातून कापून वर्गात वाचायला नेत असे. गणितात नुसतं उत्तर लिहिलं तर मार्क कापतात, रीत दाखवावी लागते, हे मुलांना पक्कं माहीत. देशाच्या सर्वोच्च पदावरचा माणूसही रीत दाखवतोय, हे त्यांना पटकन कळायचं.

त्याआधी, फेब्रुवारी १९९८ मध्ये, ते लोकसभेसाठी मतदानाला गेले. राष्ट्रपती भवनाच्या आवारातल्या शाळेत केंद्र होतं. पदावर असताना राष्ट्रपती मत देत नाहीत असा तोवरचा रिवाज होता. त्यांना तसं सांगूनही झालं होतं. पण मी नागरिक आहे, मला मत आहे, असं त्यांचं म्हणणं. रांगेत उभे राहिले आणि मत दिलं. स्वातंत्र्यदिनाच्या पूर्वसंध्येचं ठरावीक भाषणही त्यांनी १९९८ साली बाजूला ठेवलं आणि पत्रकार एन. राम यांच्या प्रश्नांना उत्तरं दिली, ती दूरदर्शनवर दाखवली गेली. त्या मुलाखतीत त्यांनी स्वतःला ‘काम करणारा राष्ट्रपती’ म्हटलं होतं. नातीच्या निबंधाला मथळा हवा असेल तर हा घे म्हणावं.

माझ्या मते त्यांचं सर्वांत मोठं काम मात्र एक भाषण आहे. २७ जानेवारी २०००, संसदेचा सेंट्रल हॉल, प्रजासत्ताकाची पन्नाशी. राज्यघटनेचा फेरआढावा घ्यायचा विचार सरकारात पक्का झाला होता. सारखी सरकारं पडतात, तेव्हा स्थैर्यासाठी व्यवस्थाच बदलू या, अशी चर्चा जोरात होती. पंतप्रधान, मंत्री, खासदार सगळे समोर बसलेले. आणि राष्ट्रपती उभे राहून त्यांना विचारतात, की घटनेनं आपल्याला निराश केलं, की आपणच घटनेला निराश केलं, याचा आधी विचार करायला हवा. बाबासाहेबांनी संविधान सभेत सांगितलेल्याची त्यांनी आठवण करून दिली, की स्थैर्य आणि जबाबदारी यांतलं जास्त काय हवं असं विचारलं तेव्हा मसुदा समितीनं जाणूनबुजून जबाबदारीला झुकतं माप दिलं. म्हणजे सरकारला रोज उत्तर द्यावं लागेल अशी व्यवस्था मुद्दाम निवडलेली आहे, तो काही चुकून राहिलेला दोष नाही. ज्या मुलाला कधीकाळी वर्गाच्या दाराबाहेर उभं राहावं लागलं, तो बाबासाहेबांचा मुद्दा त्यांच्याच घटनेच्या बाजूनं सेंट्रल हॉलमध्ये मांडत होता. पुढे न्यायमूर्ती वेंकटचलय्यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला खरा, पण घटनेची मूळ चौकट हलली नाही.

त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष क्लिंटन आले. मेजवानीच्या भाषणात पाहुण्यांचं कौतुक करता करता नारायणन यांनी एका आफ्रिकी नेत्याचा दाखला देऊन सांगितलं, की जग एक गाव झालं म्हणून काही सगळ्या गावाचा एकच पाटील होत नाही. पाहुण्यासमोर असं बोलावं का, यावर पुष्कळ लिहून आलं. मला तर अभिमानच वाटला.

न्यायाधीशांच्या नेमणुकीची एक फाइल त्यांच्यापुढे आली तेव्हा त्यांनी तिच्यावर लिहिलं, की गुणवत्ता सांभाळूनच अनुसूचित जाती-जमातींतल्या आणि स्त्रियांमधल्या योग्य व्यक्तींचाही सर्वोच्च न्यायालयासाठी विचार व्हावा. याचाही गवगवा झाला. फाइल त्यांनी अडवून धरली नव्हती, एक प्रश्न लिहून ठेवला होता. जून २००० मध्ये के. जी. बालकृष्णन सर्वोच्च न्यायालयात आले, तेही कोट्टायम जिल्ह्यातलेच, आणि २००७ साली ते देशाचे पहिले दलित सरन्यायाधीश झाले.

शेवटचं वर्ष जड गेलं असणार. २००२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये गुजरात पेटलं. आपण पंतप्रधानांना पत्रं लिहिली, प्रत्यक्षही बोललो, पण परिणामकारक असं काही झालं नाही, हे त्यांनी पुढे २००५ साली एका मुलाखतीत सांगितलं. इथे माझं मन अडतं, नंदे. इतर वेळी कारणं जाहीरपणे सांगणाऱ्या माणसानं ही पत्रं तेव्हाच लोकांपुढे ठेवली असती तर? पण पंतप्रधान आणि राष्ट्रपती यांच्यातला पत्रव्यवहार गोपनीय असतो, आणि मर्यादा मोडायची नाही हा तर त्यांच्या सगळ्या वागण्याचा पाया. मी दोन्ही बाजूंनी विचार करते आणि दर वेळी तिथेच येऊन थांबते. त्यांना आणखी पाच वर्षं मिळावीत असं डाव्या पक्षांना वाटत होतं. सर्वसहमती नसेल तर आपण नाही, असं म्हणून ते बाजूला झाले.

निवृत्तीनंतरही ते बोलत राहिले. जानेवारी २००४ मध्ये मुंबईत गोरेगावला वर्ल्ड सोशल फोरम भरलं होतं. तिथे चौऱ्याऐंशीच्या घरातले नारायणन येऊन जगभरच्या कार्यकर्त्यांपुढे बोलले. वडिलांचं ते जुनं घर त्यांनी आयुर्वेद आणि सिद्ध औषधांच्या संशोधनासाठी एका आश्रमाला देऊन टाकलं, आणि २००५ च्या फेब्रुवारीत ते शेवटचे उळवूरला गेले. त्याच वर्षी ९ नोव्हेंबरला दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात ते गेले. उषाताई त्यानंतर दोन-सव्वादोन वर्षांनी गेल्या.

नातीला आणखी काही लागलं तर मला कळव. सेंट्रल हॉलचं ते भाषण इंग्रजीत सहज मिळेल. तिला ते सगळं कळणार नाही, पण तू वाचून तिला समजावून सांग. माझ्याकडच्या कात्रणांचे फोटो काढून व्हॉट्सअॅपवर धाडते, भाच्याकडून करून घेते.

आणि तू डिसेंबरात येणार आहेस ना? आपण नागपूरला जाऊ या. दीक्षाभूमीवरच्या स्तूपाचं उद्घाटन नारायणन यांच्याच हस्ते झालं, १८ डिसेंबर २००१ रोजी. मी तो स्तूप अजून आतून पाहिलेला नाही आणि तूही नाहीस. कराडहून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट जाते, प्रवास लांबचा आहे, पण आपल्याला बोलायला तेवढा वेळ हवाच. धाकटी बहीण तिथे राहते, उतरायची चिंता नाही. तुझ्या तारखा लवकर कळव, थंडीत त्या गाडीला गर्दी असते, मी तिकिटं काढून ठेवते.

तुझी,
कुसुम